दंतवल्क, पाणी आणि मद्रास : एका आकड्याचा इतिहास

हे टिपण वाचायला घेण्याआधी घरातली टूथपेस्टची नळी किंवा तिचे खोके समोर ठेवा. पेस्ट फ्लोराइडयुक्त असेल तर बारीक अक्षरांत फ्लोराइडचे प्रमाण छापलेले सापडेल. हे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि ते वेष्टनावर छापावे, अशी भारतातल्या नियमांची अट आहे. युरोपात मात्र मोठ्यांसाठीची पेस्ट सर्रास १४५० पीपीएमची मिळते. दात तिथल्या माणसाचे आणि आपले सारखेच, कीडही सारखीच. मग आपल्याकडे हात आखडता का?

याचे उत्तर दंतशास्त्राच्या पुस्तकापेक्षा इतिहासात जास्त सापडते, आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईच्या गिंडी भागात घडला. 'दातांची निगा' म्हटले की आपण ब्रश, पेस्ट आणि गोड कमी खाणे एवढ्यावर थांबतो. गिंडीच्या प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात जे काम झाले त्याने दाखवून दिले की दाताच्या मजबुतीचा पहिला निर्णय मूल हातात ब्रश धरण्याच्या आधीच, घरच्या पाण्याच्या घागरीत होऊन गेलेला असू शकतो.

एकदाच तयार होणारी वस्तू

आधी थोडी रचना पाहू. दाताच्या दिसणाऱ्या भागावर जे कठीण, चकचकीत आवरण असते त्याला मराठीत दंतवल्क म्हणतात. दवाखान्यात तुम्ही एनॅमल हा शब्द ऐकला असेल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर भरते.

हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. दंतवल्काचे तसे नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येता नाहीशा होतात. कारागीर काम संपवून निघून गेले, आता डागडुजीला कोणी नाही. अक्कलदाढा सोडल्या तर माणसाच्या सर्व कायमच्या दातांचे दंतवल्क वयाच्या आठव्या वर्षाच्या आसपास पूर्ण झालेले असते, आणि समोरच्या दातांचे तर त्याच्याही बरेच आधी. त्यानंतर आयुष्यभर आपण जे करतो ते नवे घडवणे नव्हे, असलेले राखणे.

राखण्याची लढाई रोज चालू असते. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. दातालगतची आम्लता वाढून पीएच साधारण ५.५च्या खाली उतरला की दंतवल्कातले खनिज विरघळू लागते. लाळ ती आम्लता हळूहळू मारते आणि गेलेले कॅल्शियम, फॉस्फेट परत बसवते. या परत बसवण्याच्या वेळी लाळेत थोडे फ्लोराइड हजर असेल तर तयार होणारे स्फटिक अधिक टणक असतात. ते विरघळायला पीएच ४.५च्या आसपास यावा लागतो. फ्लोराइडयुक्त पेस्टचा सारा उपयोग एवढाच, पण तो खरा आहे.

हेच फ्लोराइड दात हिरडीच्या आत घडत असताना रक्तातून जास्त प्रमाणात मिळाले तर उलटे होते. दंतवल्कातले खनिज नीट भरत नाही, ते सच्छिद्र राहते. दात वर येतो तेव्हा त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, पुढे त्यात पिवळा, तपकिरी रंग मुरतो, आणि प्रकार तीव्र असेल तर कडा आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखे तुटतात. याला दंत-फ्लोरोसिस म्हणतात. पदार्थ तोच. किती, केव्हा आणि कुठून पोचला, यावर तो राखणदार की चोर हे ठरते.

कोलोरॅडोचा डाग

ही गोष्ट जगाला कळली ती एका डागामुळे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी व्यवसायाला आला. तिथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. १९०९ मध्ये त्या काळचे नामांकित दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक त्याच्या मदतीला आले. दोघांच्या निरीक्षणातून दोन गोष्टी पुढे आल्या. डाग फक्त त्यांनाच, ज्यांचे दात त्या गावात असताना घडले. मोठेपणी येऊन राहिलेल्यांना नाही. आणि दुसरी, जरा चक्रावणारी : या डागाळलेल्या दातांना कीड फारशी लागत नव्हती.

आयडाहो राज्यातल्या ओकली गावाची हकीकत इथे लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल. तिथे दूरच्या उष्ण झऱ्यावरून नळ आणल्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले, हे आयांच्या लक्षात आले. मॅकेला पाण्यात काही सापडले नाही, तरी त्याने झरा बदलायला सांगितले. गावाने ऐकले, आणि त्यानंतर वाढलेल्या लहान मुलांचे कायमचे दात स्वच्छ आले. कारण कळण्याआधी उपाय सापडला होता.

कारण १९३१ मध्ये कळले. अ‍ॅल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ कंपनीचे रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी अशा पाण्यात भरपूर फ्लोराइड असल्याचे दाखवले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरला साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग नगण्य आणि कीडही कमी, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावरून २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने आपल्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

दंतशास्त्राच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत इतिहास इथे संपतो. डागापासून सुरू झालेली गोष्ट किडीवरच्या विजयाने संपते, आणि वाचणाऱ्याला वाटते की फ्लोराइडचा इतिहास म्हणजे एवढाच. आपल्यासाठी तो अर्धाच आहे.

गिंडी आणि नेल्लोर

१८९९ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला गिंडी येथे एक संस्था उभी राहिली. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डब्ल्यू. जी. किंग यांचे नाव तिला मिळाले : किंग इन्स्टिट्यूट. देवीची लस बनवणे हे तिचे मूळ काम. हळूहळू तिथे रोगनिदान आणि पिण्याच्या पाण्याची तपासणीही होऊ लागली. पाण्याचे नमुने नियमाने येणारी, त्यांचे पृथक्करण करणारी अशी प्रयोगशाळा हाताशी असणे ही पुढच्या शोधाची पूर्वअट होती. मोठे शोध लागतात ते पुष्कळदा अशा कंटाळवाण्या, रोजच्या कामाच्या जोरावर.

पहिली खूण गुरांनी दिली. बैल चालेनासे होतात, सांधे आखडतात, अशा तक्रारी तेलुगू मुलखातले शेतकरी करत होते. १९३४ मध्ये हैदराबाद संस्थानात महाजन यांनी आणि १९३५ मध्ये मद्रास इलाख्यात विश्वनाथन यांनी गुरांच्या या आजाराची शास्त्रीय नोंद केली. माणसे त्याच विहिरींचे पाणी पीत होती.

१९३७ मध्ये किंग इन्स्टिट्यूटचे संचालक एच. ई. शॉर्ट, त्यांचे सहकारी सी. जी. पंडित आणि टी. एन. एस. राघवाचारी यांनी इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या स्थानिक फ्लोरोसिसवर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शॉर्ट यांनी मॅकरॉबर्ट, बर्नार्ड आणि नायर यांच्याबरोबर इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये मद्रास इलाख्यातल्या रोगाचे सविस्तर वर्णन दिले. नावांकडे नीट पाहा. मॅकरॉबर्ट रोगी तपासणारे वैद्य. बर्नार्ड क्ष-किरण तज्ज्ञ. मद्रास जनरल हॉस्पिटलमधली क्ष-किरणांची संस्था आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. राघवाचारींचा विषय पाणी. दात, हाडे आणि विहीर अशा तिन्ही बाजू एका शहरातल्या माणसांनी एकत्र आणल्या.

त्यांना जे दिसले ते कोलोरॅडोच्या डागापेक्षा फार भयंकर होते. दरसी, पोदिली, कनिगिरी या कोरड्या पट्ट्यात (तेव्हा तो नेल्लोर जिल्ह्यात होता, आज आंध्र प्रदेशाच्या प्रकाशम जिल्ह्याशी त्याचे नाव जोडलेले आहे) मुलांचे दात डागाळलेले होतेच, पण वर्षानुवर्षे तेच पाणी प्यालेल्या प्रौढांची पाठ आणि मान ताठ होत गेलेली होती. क्ष-किरण चित्रांत हाडे दाट, जाड झालेली, मणके एकमेकांना जुळू लागलेले दिसत. माणसाला वळून पाहता येईना, वाकता येईना. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे माणसाच्या सांगाड्यापर्यंत पोचलेल्या रोगाचे हे भारतातले पहिले ठळक वर्णन. अमेरिकेत जो प्रश्न दिसण्याचा होता, तो इथे चालण्याफिरण्याचा होता.

त्या काळी पाण्यातले फ्लोराइड मोजायची एक पद्धत रंगावर चालत असे. झिर्कोनियम आणि अलिझारिन यांच्या मिश्रणाचा तांबूस रंग फ्लोराइडमुळे पिवळसर पडतो. किती पडला हे माहीत असलेल्या नमुन्यांशी डोळ्याने ताडून पाहायचे. आज शाळेच्या प्रयोगशाळेतही शोभेल अशी ही साधी पद्धत, पण तिच्यामुळे 'या विहिरीचे पाणी वाईट' या गावकऱ्यांच्या बोलण्याला आकडा मिळाला.

पंडितांविषयी थोडे सांगायला हवे. चिंतामण गोविंद पंडित हे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. १९४० मध्ये त्यांनी राघवाचारी आणि इतर सहकाऱ्यांसह पुढचा मोठा लेख लिहिला. त्यातला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : फ्लोराइड सारखेच असताना काही गावांत हाडांचा रोग जास्त का? त्यांनी लोकांचा आहार तपासला. जिथे पोषण निकृष्ट, तिथे हाडांवरचे परिणाम अधिक तीव्र, असे त्यांना आढळले आणि क जीवनसत्त्वाच्या कमतरतेकडे त्यांनी बोट दाखवले. त्याच वर्षी दक्षिणेतल्या टोपी माकडांवर प्रयोग करून फ्लोराइडची दीर्घकालीन विषबाधा त्यांनी प्रयोगशाळेतही घडवून दाखवली. कोणत्या जीवनसत्त्वाचा वाटा किती, यावर पुढे बरीच चर्चा झाली; पण रोगाची पाळेमुळे खडकात आणि गरिबीत, दोन्हींत आहेत ही दृष्टी टिकली. हेच पंडित स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९५२ मध्ये, पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. शॉर्ट यांचे नाव हिवतापाच्या अभ्यासकांना ठाऊक असते : १९४८ मध्ये त्यांनी गार्नहॅम यांच्यासह हिवतापाच्या परोपजीवीची यकृतातली अवस्था शोधली. दातांच्या पुस्तकांत मात्र दोघेही क्वचित भेटतात.

एक मिलिग्रॅम, पण कोणत्या उन्हात?

आता डीन यांच्या 'लिटरला एक मिलिग्रॅम'कडे परत येऊ. ते प्रमाण ज्या शहरांवरून काढले तिथली हवा थंड किंवा समशीतोष्ण. मे महिन्यात कनिगिरीला किंवा आपल्या पांढरकवड्याला शेतात राबणारा माणूस दिवसाला किती पाणी पितो, याचा हिशेब त्यात नव्हता. पाणी दुप्पट प्यालात तर फ्लोराइडही दुप्पट. १९५७ मध्ये गॅलगन आणि व्हर्मिलियन यांनी अमेरिकेतच तापमानानुसार हे प्रमाण कमी करण्याचे सूत्र मांडले. आज भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. अमेरिकेतला प्रश्न होता पाण्यात किती घालायचे. आपल्याकडच्या बऱ्याच जिल्ह्यांत तो आहे पाण्यातून किती काढायचे.

इथे विद्यार्थ्यांना हमखास एक शंका येते. पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि पेस्टमध्ये १००० पीपीएम, म्हणजे किलोला १००० मिलिग्रॅम. हजारपट! मग पेस्ट विष नाही का? हिशेब करून पाहा. वाटाण्याएवढ्या पेस्टचे वजन साधारण पाव ग्रॅम. तीत फ्लोराइड पाव मिलिग्रॅम. ती सगळी गिळली तरी मर्यादेतल्या पाव लिटर पाण्याइतकेच झाले, आणि पेस्ट थुंकायची असते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट मात्र ग्रॅमभर भरते, आणि तीन वर्षांच्या मुलाला ती गोड लागते, ते गिळते. म्हणून लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फार तर वाटाण्याएवढी, आणि शेजारी मोठे माणूस उभे. पेस्ट दाताला बाहेरून लागते म्हणून उपयोगी. पोटात गेलेले फ्लोराइड घडणाऱ्या दाताला आतून भेटते. हा फरक नीट समजला तर अर्धे प्रकरण समजले.

हातपंप, नागपूर आणि होगेनक्कल

गिंडीच्या शोधानंतर प्रश्न सुटायला हवा होता. तो वाढला, आणि एका चांगल्या कामामुळे वाढला. १९७०च्या दशकात दुष्काळी भागांत खडक फोडून खोल विंधन विहिरी घेण्याचा धडाका सुरू झाला. त्यांवर बसला इंडिया मार्क टू हातपंप. त्याचा मूळ नमुना आपल्या सोलापूरचा, पुढचे घडवणे मद्रासच्या कारखान्यात. उघड्या तळ्याचे, पायविहिरीचे घाण पाणी सुटले. पटकी, नारू हटायला या पंपाचा मोठा हातभार लागला. पण ग्रॅनाइट आणि नाइस खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले खोल पाणी वरच्या पाण्यापेक्षा अनेकदा जास्त फ्लोराइड घेऊन येते, विशेषतः पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तेव्हा. पाणी दिसायला काचेसारखे, चवीला गोडसर, उकळले तरी फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून ते थोडे दाटच होते. जुलाबाने मरणारे मूल वाचले आणि त्याच्या दातांवर डाग पडले. यात दोष कोणाचा, असे विचारण्यात अर्थ नाही. पाणी तपासण्याचे काम विहीर खणण्याच्या वेगाने झाले नाही, एवढे म्हणता येईल. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांची कथा हीच आहे.

उपायाचा एक धागा नागपूरला जातो. तिथल्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने १९७०च्या दशकात पाण्यातले फ्लोराइड उतरवायची स्वस्त रीत बसवली. पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी मोजून घालायची, आधी जोराने मग हळू ढवळायचे, गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी गाळून घ्यायचे. बादलीतही जमते, गावाच्या टाकीतही. जिथे ती वापरात आली त्या नलगोंडा जिल्ह्याचे नाव तिला मिळाले. अडचण आहे ती रोजच्या मोजमापाची आणि गाळ टाकण्याची. तुरटी जास्त झाली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरते. पहिले सहा महिने उत्साहाने चालणारी आणि नंतर गंजत पडणारी यंत्रे आपल्या गावांत काही नवीन नाहीत.

म्हणून शेवटी दूरचे, भूपृष्ठावरचे पाणी आणणे हाच पक्का उपाय ठरतो. तमिळनाडूत धर्मपुरी आणि कृष्णगिरी हे जिल्हे फ्लोरोसिससाठी कुप्रसिद्ध. तिथे कावेरीचे पाणी पोचवणारी योजना जपानच्या कर्जाच्या मदतीने उभी राहून २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्या अधिकृत नावातच रोगाचे नाव आहे : होगेनक्कल पाणीपुरवठा आणि फ्लोरोसिस निवारण प्रकल्प. पाणीयोजनांना नेत्यांची नावे मिळण्याच्या देशात हे नाव मला प्रामाणिक वाटते.

काडी, राख आणि पावडर

आता रोजच्या सवयींकडे. तमिळमध्ये एक जुनी म्हण आहे. वड आणि बाभूळ दातांना बळ देतात, तर चार चरणांचे नालडियार आणि दोन चरणांचा तिरुक्कुरळ वाणीला, असा तिचा आशय. बाभळीची, कडुनिंबाची काडी आपल्याकडेही होती. चघळून केलेला कुंचला मऊ असतो, चघळताना लाळ सुटते आणि लाळ ही दंतवल्काची पहिली मदतनीस. काडीचा दोष एवढाच, की ती दाढांच्या मागे पोचत नाही आणि तिच्यात फ्लोराइड नाही.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी, भाताच्या तुसाची राख यांचे प्रकरण वेगळे. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर दंतवल्क पाचच्या आसपास बसते आणि वाळूतले क्वार्ट्झ सातवर. विटेच्या भुकटीत, तुसाच्या राखेत सिलिका असते. बोटाने रोज जोर लावून घासले की दात पांढरा दिसतो, कारण त्याचा वरचा थर गेलेला असतो. आजी ज्यासाठी बोलणी खात होती तोच कोळसा आता काळ्या पेस्टमध्ये महाग मिळतो, तेव्हा या ओळी आठवा. मिश्रीबद्दल वेगळे सांगायला नको : भाजलेला तंबाखू तो. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर १९९२ मध्ये बंदी आली, पण घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोणता निरीक्षक पोचणार?

फ्लोरोसिसच्या गावात हे घासणे दुहेरी घातक ठरते. डाग दातावर नसतो, दातात असतो, त्यामुळे तो घासून जात नाही. आधीच सच्छिद्र असलेले दंतवल्क मात्र जाते. शिक्षक होऊ घातलेल्यांना माझे विशेष सांगणे आहे. वर्गातल्या मुलाचे दात तपकिरी दिसले की 'दात घासत नाहीस का' हे वाक्य चटकन तोंडातून निघते, आणि ते मूल त्यानंतर तोंडावर हात ठेवून हसायला शिकते. पुढे लग्न जमवतानाही तोच डाग आडवा येतो. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच, आडवे, धुरकट पट्टे असतील तर तो अस्वच्छतेचा पुरावा नाही. गावच्या विहिरीचा दाखला आहे. अशी तीन-चार मुले दिसली तर मुलांना रागावण्याऐवजी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. झालेले डाग सौम्य असतील तर दंतवैद्य वरचा पातळ थर घासून किंवा रंग उतरवून, तीव्र असतील तर दातावर आवरण बसवून ते झाकू शकतात. मद्रास मेडिकल कॉलेजात १९५३ मध्ये दंतविभाग सुरू झाला, त्यातूनच आजचे तमिळनाडू शासकीय दंत महाविद्यालय वाढले. अशी शासकीय महाविद्यालये आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत, आणि खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च तिथे पुष्कळच कमी येतो.

ज्यांच्या घरी धरणाचे किंवा तळ्याचे नळाचे पाणी येते, त्यांचा धोका उलट दिशेचा. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते, आणि चेन्नईतल्यासारखी घरोघरी आरओची यंत्रे किंवा वीस लिटरचे कॅन आले की उरलेलेही निघून जाते. त्यात दिवसातून चार वेळा साखरेची फिल्टर कॉफी किंवा चहा, अधूनमधून बिस्कीट. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दंतवल्काला जास्त जाचते, कारण प्रत्येक वेळी लाळेला आम्लता उतरवायला अर्धाएक तास लागतो. अशा घरात दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्ट हीच मुख्य ढाल. लिंबूपाणी, कोल्ड्रिंक किंवा आंबट रसम प्यायल्यावर लगेच घासू नये. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशबरोबर निघतो. चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा. रात्री घासल्यावर फक्त पाणी.

चिंचेची गंमत जाता जाता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आहारात चिंच असताना लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडते असे दिसले. दाताच्या पृष्ठभागाला चिंचेचा आंबटपणा सोसत नाही, आणि फ्लोरोसिसच्या गावात हाडांना तिचा थोडा आधार होतो. तेव्हा 'चिंच चांगली की वाईट' असा प्रश्न परीक्षेत आला तर आधी कोणत्या गावची ते विचारा.

पाणी बदलल्यावर परिणाम दिसायला किती काळ जातो, हा भाग विद्यार्थी नेहमी चुकतात. आज आलेले चांगले पाणी आज दिसणाऱ्या दातांना सुधारत नाही. होगेनक्कलचे पाणी आले त्या २०१३ मध्ये धर्मपुरीत दहा वर्षांचे असलेल्या मुलाचे डाग तसेच राहणार. त्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे वरचे समोरचे कायमचे दात सात-आठ वर्षांनी, म्हणजे २०२०-२१च्या सुमारास हिरडीतून बाहेर आले. ओकलीच्या आयांनी जशी वाट पाहिली तशी ती इथेही पाहावी लागते. तुमच्या तालुक्यात नवी नळयोजना आली असेल तर ती सुरू झाल्याचे वर्ष टिपून ठेवा, त्यात आठ मिळवा, आणि त्या वर्षी दुसरी-तिसरीच्या वर्गातल्या मुलांना हसायला सांगा.